नेटची वायर

समुपदेशक बाईंनी दुपारच्या रिकाम्या वेळात जुना अँटिव्हायरस एकदाचा मुळासकट काढून टाकला. मुदत संपल्यापासून तो पडद्यावर सारखा कटकट करत होता. मग नव्याचं नाव शोधून त्यांनी सगळ्यात वरची लिंक दाबली, आणि तिथेच माशी शिंकली.

पडदा लालभडक झाला. ‘फाइल्स धोक्यात आहेत. मशीन बंद करू नका. या नंबरवर फोन करा.’ भोंगा वाजायला लागला. लोकांनी सख्ख्या आईलाही न सांगितलेल्या गोष्टी त्या मशीनमध्ये होत्या. त्यांनी टेबलावरच्या फोनवरून तो नंबर लावला.

“ताई, अजिबात घाबरू नका,” पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला. “मी सांगतो ते छोटं सॉफ्टवेअर घ्या. बाकी आमच्यावर सोडा.”

घाबरलेल्यांना धीर देणं हे ज्यांचं रोजचं काम, त्या बाई मुकाट्याने तो सांगेल तसं करत गेल्या. भोंगा थांबला. त्यांना हायसं वाटलं. माउसवरचा हात त्यांनी काढला, तरी बाण आपोआप सरकत होता. त्याने नोंदींचा फोल्डर उघडला. मग एक फाइल. नवऱ्याच्या मारहाणीतून पळून, त्याच्यापासून लपून राहणाऱ्या एका बाईची. तिचा नवा पत्ता पहिल्याच ओळीत होता.

“तिथे काय करताय?”

“तपासतोय. हात लावू नका,” तो म्हणाला. आवाजातला गोडवा पार आटला होता.

बाईंनी खाली वाकून नेटची वायर उपटली. बाण जागीच थिजला.

“वायर जोडा, ताई. नाहीतर जे मिळालंय ते कुठे जाईल सांगता येत नाही.”

त्यांनी फोन ठेवला. तो पुन्हा वाजू लागला. तो न उचलता त्यांनी मोबाइलवरून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या धाकट्या दिराला बोलावलं.

त्याने मशीन तपासलं. “वहिनी, काही फाइल्स त्याच्याकडे गेल्यात. तुम्ही सांगितलीत ती फाइलही गेलीय. हे मशीन आता पुसावं लागेल, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.” मग जरा थांबून म्हणाला, “नवा अँटिव्हायरस आधी कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवायचा, पत्ता स्वतः टाइप करून. मग नेट तोडून जुना काढायचा. आणि खरी कंपनी असा भोंगा वाजवून फोन करायला लावत नाही.”

“तिला सांगायला हवं,” बाई म्हणाल्या.

“कदाचित ती फाइल कोणी उघडणारही नाही.”

“आणि उघडली तर?”

बाईंनी तिला फोन लावला, चूक आपली आहे हे आधी सांगितलं आणि मग सगळं.

“आजच निघू का?” तिने विचारलं.

“हो. मी गाडी घेऊन येते.”

दिवेलागणीला बाईंनी तिला दुसऱ्या गावी, मावशीकडे पोचवलं. वाटेत मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे दोघी वळून पाहत होत्या. तिने सोडलेल्या त्या पत्त्यावर तिला शोधत कोणी आलं नाही, निदान शेजाऱ्यांना तरी दिसलं नाही. पण त्यानंतर तिने बाईंचा फोन कधी उचलला नाही.