शून्यसाहेबांचं मॉडेल

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत शून्यसाहेबांना नावं ठेवत बसले होते. म्हणजे दिवस अगदी नेहमीसारखा होता.

शून्यसाहेब हे बाबांनी आपल्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांना ठेवलेलं नाव. शेकडो प्रोसेसरांना एकच काम वाटून दिलं तर ते किती वेळात होईल, हे आधी कागदावर मांडता यावं म्हणून दोघांनी एकेक मॉडेल बनवलं होतं. साहेबांच्या मॉडेलमध्ये एका प्रोसेसरचा निरोप दुसऱ्याला पोहोचायला शून्य वेळ लागे. त्यामुळे सिद्धता देखण्या होत, पुस्तकाच्या आवृत्त्या निघत आणि खऱ्या यंत्रावर प्रोग्रॅम रखडत चाले. बाबा निरोपांचा वेळ मोजत, एकमेकांसाठी खोळंबण्याचाही मोजत. त्यांची गणितं ओबडधोबड होती. ती कुणी छापली नाहीत.

"निरोप म्हणे क्षणात पोहोचतो," बाबा म्हणाले. "या गृहस्थानं घरात कधी कुणाला जेवायला हाक मारलेली दिसत नाही."

"तुम्हाला मघापासून तीनदा मारली," आई आतून म्हणाली.

"घ्या! इथे तर तीनच माणसं आहेत." मग माझ्याकडे न बघता, "तू तुझ्या ऑफिसातल्या मशीनवर माझं मॉडेल चालवून बघणार होतीस."

"बघते बाबा. वेळ मिळाला की."

मी ते तीन महिन्यांपूर्वीच चालवलं होतं. पाचशे बारा प्रोसेसरांवर, चार वेळा. बाबांच्या कागदावर एकेचाळीस सेकंद होते, मशीनला त्रेचाळीस लागले. साहेबांचं सूत्र सहा सेकंद सांगत होतं. पण बाबांच्या कामाला मी वर्षानुवर्षं कागदी घोडे म्हणत आले होते, तेही चारचौघांत, हसून. आता शब्द मागे घ्यायचे तर माझा तोरा आडवा येत होता. साहेबांची मला कीव तरी येते. त्या तीन महिन्यांतल्या स्वतःची तीही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

आठवड्यानं कॉलेजात शोकसभा झाली. साहेबांनी आधी माईक ठाकठीक केला, मग चेहरा.

"सर अत्यंत प्रामाणिक. आता त्यांचं मॉडेल कधी कुठल्या यंत्रावर चाललं नाही, ही गोष्ट वेगळी. पण तळमळ पाहा! त्यांचा विषय पुढच्या वर्षापासून बंद करताना मला फार जड जाणार आहे. त्या तासांना माझं पुस्तक लावू, म्हणजे मुलांचं नुकसान नको."

मुलांच्या नुकसानीची केवढी ती काळजी. मी उठून उभी राहिले. आईनं माझा हात धरला आणि मग सोडून दिला.

"साहेब, ते चाललंय."

"काय, बेटा?"

"बाबांचं मॉडेल. माझ्या ऑफिसात, पाचशे बारा प्रोसेसरांवर. त्यांचा हिशेब दोन सेकंदांनी चुकला, तुमचा सातपटीनं. आकडे आजच पाठवते. विषय बंद करायच्या आधी वाचा."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी मात्र तोल सोडला नाही.

"असं असतं तर सर मला बोलले नसते का? ते सोडणारे होते होय!"

"त्यांना माहीत नव्हतं," मी म्हणाले. "बाबा बरोबर होते. मला कळलं होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही."