दोन हात रंग

गजाआबांनी ॲम्ब्युलन्सला साफ नकार दिला. गावात ॲम्ब्युलन्स शिरली की लोक चितेला लाकडं किती लागतील याचा अंदाज बांधतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि असे अंदाज बांधण्यात ते स्वतः तरबेज होते. म्हणून नीलेशने बापाला खोपोलीच्या इस्पितळातून कशेळ्याला न्यायला आपली कॅराव्हॅन जीपमागे जोडली. पर्यटकांसाठी बांधलेली चाकावरची खोली ती. आत पलंग, फ्रिज, आणि आता आबांच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र. यंत्र खोलीतल्या बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी चालत्या जीपवर चार्ज व्हायची. कागदावर आबा काश्मीरपर्यंत श्वास घेऊ शकले असते.

चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवू नये असा कायदा आहे. नीलेशची बायको विनिता आत बसली होती, कारण कायद्याला सासरा नसतो.

खोपोलीला बॅटरी शंभर टक्के होती. पळसदरीला चौसष्ट, कर्जतच्या चौकात एकेचाळीस. कडाव मागे पडलं तेव्हा आतून विनिताचा फोन आला.

"अहो, अठरा राहिलेत. आणि ते पीं पीं करायला लागलंय."

नीलेशने गाडी बाजूला घेतली. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, पर्यटकांना आवडतात म्हणून लावलेले रंगीत दिवेही विझवले. फ्यूज काढून बघितला, तो धडधाकट होता. इंजिनाचा घसा फुटेस्तोवर ॲक्सिलरेटर दाबला. आकडा सतरा झाला, मग पंधरा. जीपची बॅटरी थेट जोडायची जंपर केबल मागच्या महिन्यात शेजारच्या नागूने नेली होती, आणि नागूने नेलेली वस्तू परत आल्याचा तालुक्यात दाखला नाही. जवळच्या घरात यंत्र लावावं, तर शुक्रवार. दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी पाचपर्यंत सगळ्या पट्ट्यात वीज नाही. कॅराव्हॅनचं वायरिंग केलेला तालिब कर्जतला होता, पण शुक्रवार त्याचाही होता. नमाजात फोन बंद.

आकडा तीनवर आला आणि यंत्र थांबलं. विनिताने छोटा सिलिंडर जोडला. इस्पितळाने तो "असू द्या" म्हणून दिला होता, आणि काटा बघता तो फार तर दहा मिनिटं असणार होता.

त्यातली तीन गेल्यावर तालिबचा फोन आला. नीलेशने एका दमात सगळं सांगितलं.

"ब्रेक दाब," तालिब म्हणाला. "मागं वहिनींना बघू दे काय लागतंय."

ब्रेकचा दिवा जेमतेम लागला, आणि त्याच्याबरोबर दोन्ही इंडिकेटरही मिणमिणले.

"अर्थिंग गेलंय. जीपचा करंट तुझ्या बॅटरीपर्यंत येतच नाय. कॅराव्हॅनच्या पुढच्या दांड्याखाली मी काळी वायर बोल्टने आवळलेली. तो बोल्ट कोणी खोलला?"

कोणीच नाही, असं म्हणत नीलेश खाली वाकला. दांडा हिरवागार चकाकत होता. आबांनी तीस वर्षं मोहोपाड्याच्या एका कारखान्यात टाक्या रंगवल्या होत्या, तोंडाला साधा रुमालही न बांधता, आणि रंग टाक्यांइतकाच आबांच्या छातीतही बसला होता. दोन आठवड्यांमागे, दसऱ्याला, लेकाची कॅराव्हॅन रंगवली ती त्यांनीच. त्यानंतर ती अंगणातच उभी होती.

"आबा, बोल्ट खोललात?"

"मंग काय." आबांनी श्वास गोळा केला. "बोल्टाखाली रंग नाय गेला तर गंज तिथनंच शिरतो रं. दोन हात दिलं."

नीलेशने पान्याने बोल्ट काढला आणि भाजीच्या सुरीने खरवडायला लागला. रंग निघेना. बापाच्या कामात खोट नव्हती, हीच पंचाईत होती. सुरीचं टोक मोडलं, बोट फाटलं. आतून विनिता एवढंच म्हणाली, "अहो, काटा शून्यावर आला," आणि इस्पितळाच्या फायलीने सासऱ्याला वारा घालू लागली. नीलेश पान्याच्या कडेने, मग नखाने खरवडत राहिला. शेवटी रुपयाएवढं लोखंड उघडं पडलं. त्याने वायर आवळली, इंजिन चालू केलं, धावत आत जाऊन बटण दाबलं.

काहीच झालं नाही. आबांचे ओठ निळसर दिसत होते. त्याने पुन्हा दाबलं.

यंत्र खोकलं आणि चालू झालं. बॅटरीचा आकडा तीन होता. बऱ्याच वेळाने चार झाला.

"खरवडलंस?" आबांनी विचारलं.

"हो."

"उघडं नको ठेवू. गंजल."

"पुढच्या दसऱ्याला वरून रंग देऊ, आबा."

आबांनी छताकडे बघत अंदाज बांधला. त्यात ते तरबेज होते.

"दिवाळीलाच दे," ते म्हणाले.