नंदिनीचा पाऊस

आमच्या वडनेरात एसटी आली नाही की म्हणतात, "झाला नंदिनीचा पाऊस." येतो म्हणून न आलेला जावई, चारला येणारी आणि न येणारी लाईट, सगळा नंदिनीचा पाऊस. नंदिनी म्हणजे मी. पुण्यात हवामानाच्या कचेरीत काम करते, आणि हा मान मला जुलैत मिळाला.

तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं की वरच्या अंगाला जोराचा पाऊस होणार आहे, नाल्यापलीकडच्या वावरातून बायांना घेऊन लगेच घरी ये. आई, म्हणजे धुरपता, निंदण अर्धं टाकून सगळ्यांना घेऊन आली. मग असं कडक ऊन पडलं की बायांनी अंगणात गोधड्या वाळत घातल्या. त्या बायांच्या टोळीची म्होरकी विमलाबाई, तिनंच ती म्हण काढली.

त्या दिवशी काय झालं ते नंतर कळलं. उपग्रह इन्फ्रारेडनं, म्हणजे उष्णतेच्या किरणांनी, खाली बघतो. आभाळ मोकळं असलं की हवा नि जमीन किती तापली आहे ते त्याला कळतं. मध्ये ढग आला की फक्त ढगाचा माथा किती गार आहे तेवढंच. म्हणून कित्येक वर्षं ढगाळ जागेची मोजमापं भाजीतल्या किडक्या पानांसारखी निवडून फेकून देत. मला याचा भारी राग येतो. पाऊस पडतो ढगातून, आणि ढगाचंच ऐकायचं नाही! आमचा गट ती फेकलेली मोजमापं संगणकाला वापरायला शिकवतो आहे. पण शिकणारा चुकतोच. जुलैत एक उंच, विरळ ढग त्यानं पावसाचा डोंगर समजला. माथा खरंच गार होता, खाली पोट नव्हतं.

सप्टेंबरातल्या त्या दुपारी नेहमीचा अंदाज वडनेरला कोरडं दाखवत होता. आमचा प्रयोगातला अंदाज मात्र नाल्याच्या उगमाकडे मुसळधार म्हणत होता, तोही थोड्याच वेळात. मी उपग्रहाची चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. दर चित्रात त्या ढगाचा माथा आणखी गार होत होता, म्हणजे ढग वर चढत होता. विरळ ढग असा चढत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी आणखी एकदा पहिल्यापासून पाहिलं.

कारण पलीकडे कपाशीच्या पऱ्हाटीत आई होती आणि सोबत तीच टोळी. आमचं वावर नाला आणि नदीच्या बेचक्यात आहे. नाल्याला पूल नाही, गुडघाभर पाण्यातून जायचं-यायचं. वर पाऊस झाला की इथं ऊन असतानाच नाला छातीला लागतो आणि मग वावरातही शिरतो. गावातल्या तानबाची बैलजोडी त्यानं अशीच नेली.

आणि ठरले पुन्हा खोटी तर? हसतील, ते सोसेन. पण तिसऱ्या खेपेला आईसुद्धा उठणार नाही. मी फोन लावला.

"आई, घरी ये. आत्ता. सगळ्यांना घेऊन."

"काऊन? पानी हाय का?"

"हो."

"इथं तं टकटक ऊन हाय, नंदू." मग आवाज खाली आणून, "बाया हासतीन वं."

"हसू दे."

"हासू देईन, पन उठनार नाईत ना. तुले पक्कं वाटते?"

पक्कं आमच्या धंद्यात कोणालाच वाटत नाही. आम्ही 'शक्यता' म्हणतो. पण बेचक्यात उभ्या असलेल्या आईला शक्यता काय सांगायची!

"पक्कं," मी म्हटलं.

"ठेव मंग."

त्यानंतर तिचा फोन लागेना. घरी बाबांचा फोन बिझी. नवं चित्र आलं, माथा आणखी गार. पुन्हा आईला लावला, नाही लागला. ती आत्ता पाण्यात तर नसेल? मीच तिला ऐन वेळी नाल्यात घातलं असेल तर? हा विचार आला आणि मला बसवेना.

अखेर बाबांचा फोन लागला. "जय भीम. कोन?"

"बाबा, आई आली?"

"आली ना. साऱ्या बाया आल्या. मले शिव्या देऊन राह्यल्या."

"तुम्हाला?"

"मी च्या पेऊन राह्यलो म्हनून."

आईनं फोन हिसकावला. तिनं वावरात सांगितलं होतं की घरी बाबा चक्कर येऊन पडले. आमच्याकडे वावरात असा निरोप आला की कोणी काही विचारत नाही. विळे जागेवर टाकून सगळी टोळी जिच्या घरचा निरोप त्या बाईबरोबर घरापर्यंत येते, तिला एकटी धाडत नाहीत.

"याईले फोन करून सांगतलं होतं, खाटेवर पडून राहा म्हनून," आई वैतागून म्हणाली. "तं हा मानूस कप घेऊन दारात उभा!"

मागून विमलाबाई कडाडली, "नवऱ्याच्या नावानं खोटं बोलतं? लाज नाई वाटत?"

आणि एकाएकी सगळं गप्प झालं. मला वाटलं फोन कटला. मग लांबून आवाज आला, गिट्टीचा ट्रक रिकामा करावा तसा, आणि तो थांबेचना.

"नाला," कोणीतरी म्हणालं.

मी कचेरीत सगळ्यांसमोर रडले.

बऱ्याच वेळानं विमलाबाईचा आवाज आला, आता बराच खाली. "नंदिनीनं सांगतलं होतं का वं, धुरपता?"

"हाव."

"मंग तिचं नाव काऊन नाई घेतलं?"

"घेतलं असतं तं उठली असती तू?"

"नाई," विमलाबाई म्हणाली. तिनं आईच्या हातून फोन घेतला असावा, कारण पुढचं अगदी माझ्या कानात आलं. "आयक, पोरी. पुढच्या खेपी तुह्यं नावच सांगाले लावजो. आधी येऊ, मंग हासू."