घोडीच्या पायातली बेडी

त्या वर्षी कापसाला असा भाव आला की अमरावतीच्या बाजारात माणसांपेक्षा जनावरांची चणचण जास्त. बैल, खेचर, तट्टू, जे ओझं वाहील ते चोरीला जाई. मापारी खुशालराव बडनेऱ्याहून तीन कोस घोडीवर बसून रोज कामावर यायचा. पंधरवड्यात चार तट्टं गेली, तेव्हा त्याचा जीव थाऱ्यावर राहिना. दोर काय, कुणीही कापतो! त्याने लोहाराकडून लोखंडी बेडी घडवून घेतली. सकाळी आलं की घोडीच्या पुढच्या पायांत बेडी, बेडीला कुलूप, आणि चावी कमरेच्या करगोट्याला.

बाजारामागे गवती छपराखाली जनावरं बांधत. तिथला राखणदार नत्थुजी म्हातारा, पण नजरेचा पक्का. बेडी पाहून म्हणाला, "चावी माह्यापाशी देत जा, भाऊ. जनावर पान्यावर न्याचं असते."

"तुमच्यापाशी ठेवाची तं मंग कुलूप कायले लावू?" खुशालराव बोलून गेला.

 नत्थुजीने गवताची एक पेंढी घोडीपुढे टाकली.

चैत्रातली दुपार होती. खुशालराव दोन गल्ल्या पलीकडे एका व्यापाऱ्याच्या वखारीत कापूस तोलत होता. इकडे कुणाच्या तरी चिलमीतली ठिणगी कापसाच्या गाडीत पडली आणि वाऱ्याने आग छपरावर नेली. ओरडा ऐकून तो तराजू टाकून धावला. गल्ली गाड्यांनी तुंबलेली. चाकांवर पाय देत, जुवांवरून उड्या मारत तो पोचला, तोवर छप्पर बसलं होतं. जनावरं मोकळी होऊन बाजारभर उधळत होती. विळ्याने सगळ्यांचे दोर नत्थुजीने कापले होते. खुशालरावची घोडी तेवढी आत राहिली होती.

नत्थुजीला लोकांनी निंबाखाली निजवलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, छातीवरची बंडी कातडीला चिकटलेली. खुशालरावला पाहून त्याने ओठ हलवले.

"दगडानं ठोकलं, भाऊ. लय ठोकलं. नाई फुटलं."

खुशालराव त्याच्या उशाशी बसला. घोडी पाहायला गेलाच नाही.

तिसऱ्या दिवशी नत्थुजी गेला. खुशालरावने खांदा दिला. मसणातून तो नत्थुजीच्या घरी आला, तेव्हा नत्थुजीची बायको सुभद्रा ओट्यावर बसलेली होती. तिचे डोळे कोरडे होते.

"तुमी त्यायच्यापाशी बसले होते म्हन्तेत," ती म्हणाली. "समदे ढोरं सोडून हे बाहेर आले होते ना? मंग परत आत काहून गेले?"

सांगावं म्हणून खुशालरावने दोनदा तोंड उघडलं.

"मले नाई माहीत, काकी."

ती नुसती मान हलवत राहिली. तो उठला आणि बडनेऱ्याच्या रस्त्याला पायीच लागला. समोरून कापसाच्या गाड्या एकामागून एक येत होत्या. त्यांना वाट देत तो कडेकडेने चालत राहिला.