दोन किलोमीटरची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. पण कोणाची, असं विचारलंत तर मला सांगता येणार नाही.

कारखान्यातून निघताना आम्ही चाळीस जणी होतो. अडीचशे सीसीचं इंजिन, रुंद टायर, पुढे झुकलेली टाकी. रोज कामावर जाणाऱ्या साध्या माणसालाही थोडा रुबाब मिळावा, म्हणून आम्हाला घडवलं होतं. बाकीच्या एकेक करून कोणाकोणाच्या घरी गेल्या. माझ्या टाकीवर मात्र 'टेस्ट राइड' असं स्टिकर चिकटलं आणि मी शोरूमच्या दारात उभी राहिले.

माझं जग दोन किलोमीटरचं. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. लोक मला पिळून काढायचे, "काय पिकअप आहे हो!" म्हणायचे आणि माझ्यासारखीच दुसरी, कोरी गाडी घेऊन जायचे. कौतुक माझ्या वाट्याला, घर दुसरीच्या.

परत परत येणारे एकच. ते निवृत्त बसड्रायव्हर होते. दर शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचं हेल्मेट घेऊन यायचे. शोरूममधली सेल्सवाली ताई हसून विचारायची, "काका, अजून विचारच चाललाय?"

"गाडी घ्यायची म्हणजे घाई करून कसं चालेल, पोरी?"

काका गिअर इतका अलगद टाकायचे की मला कळायचंही नाही. पाण्याच्या टाकीपाशी थांबून ते माझ्याशी बोलायचे. "तीस वर्षं पन्नास-पन्नास माणसं घेऊन फिरलो. सारखं आरशात बघायची खोड अजून जात नाही बघ. आरशात मात्र कोणी नसतं."

मग शोरूमला नवे मॅनेजर आले. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि शनिवारी गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "काका, बेचाळीस वेळा आलात. गाडी घ्यायचीय की नुसती हवा खायचीय?"

दोघंतिघं हसले. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई कागदांत मान घालून बसली होती. चावी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बघतो पुढच्या महिन्यात," आणि पायीच निघून गेले.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. नवं मॉडेल आलं, तसं मला ढकलत मागच्या गोदामात नेलं. बॅटरी उतरली. मीटरवर कोळ्यानं जाळं विणलं. अंधारात मला नुसते पावलांचे आवाज यायचे, आणि ते नेहमी दुसऱ्याच कोणाकडे जायचे.

आठ महिन्यांनी गोदामाचं दार उघडलं. ताई रजिस्टरमधला पत्ता शोधत काकांच्या घरी गेली होती. ते तिच्या मागून काठी टेकत आले.

"चालू होत नाही ती, काका."

"माझाही गुडघा कुठे चालतोय!" असं म्हणून ते कसेबसे सीटवर बसले. बराच वेळ हँडल धरून होते. मग म्हणाले, "पोरी, मला गाडी घ्यायचीच नव्हती. बायको गेल्यापासून घरात दिवसभर कोणी हाक मारत नाही. इथे तू 'या काका' म्हणायचीस."

"मला माहीत होतं. दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

ताईनं ओढणीनं माझ्या टाकीवरची धूळ पुसायला घेतली. पुसतच राहिली. काकांनी हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं ते रिक्षात बसून गेले आणि दार पुन्हा लागलं.

मित्रांनो, मला अजून घर मिळालेलं नाही. आता मिळेल असंही वाटत नाही. गाडी नुसती उभी राहिली की गंजते, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. माणसांचं मी सांगते. तुमच्याकडे कोणी काहीतरी निमित्त काढून पुन्हापुन्हा येत असेल, तर "काय काम काढलंत?" असं विचारू नका. आधी खुर्ची पुढे करा.