सांता ओलायाची लाल भिंत

जून १९८६ मधल्या त्या रविवारी सांता ओलायाच्या प्लाझावर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी न्यू मेक्सिकोतल्या त्या गावचौकात चार म्हातारे, दोन कुत्री आणि एक बंद पडलेलं कारंजं एवढीच वस्ती असायची. त्या दिवशी शेजारच्या राज्याच्या नंबरप्लेटांचे पिकअप ट्रक पार पोस्टापर्यंत लागले होते. लोक कॅथेड्रलच्या दाराकडे पाठ करून उभे होते. देव आत होता, पण चमत्कार बाहेर होता, उत्तरेकडच्या भिंतीवर.

पांढऱ्याशुभ्र भिंतीवर दोन रक्ताळलेले पंजे उमटले होते. पंजांच्या मध्ये, जरा खाली, परातीएवढा एक गोल लाल डाग होता.

एका पिकअपवर उभे राहून प्रोफेसर बेनाविदेस माइकवरून त्याचा अर्थ सांगत होते. ते कशाचे प्रोफेसर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे हे तिथल्या युनिव्हर्सिटीत भूजलशास्त्र शिकवत. तिथं तरी त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"मित्रांनो, मी डॉक्टर नाही," प्रोफेसर म्हणाले. "डॉक्टर असतो तर तुम्ही अजून आजारीच असता."

टाळ्या पडल्या. मग त्यांनी सांगितलं की शंभर वर्षांपूर्वी हे कॅथेड्रल बांधणारा बाप्तिस्ता गवंडी दुसऱ्या मनोऱ्यावरून पडून मेला. पडताना त्यानं भिंतीला मिठी मारली. हे त्याचे हात, आणि मधला गोल म्हणजे त्याचं हृदय. माझ्या पुढच्या एका काऊबॉय टोपीवाल्यानं विचारलं, हृदय एवढं मोठं कसं?

"प्रेमानं सुजलं," प्रोफेसर म्हणाले.

त्यांच्या ट्रकच्या मागच्या बाजूला भिंतीच्या चुन्याच्या पुड्या विकायला होत्या. पुडी पाण्यात खलून दुखऱ्या जागी लावायची. घसा सुकला तर शेजारी लेमोनेडही त्यांचंच होतं.

खोटं कशाला सांगू, मीही हात जोडले. गर्दीत आमची चार मराठी घरं होती आणि सगळ्यांनीच चपला काढलेल्या होत्या. आमच्याबरोबर नागपूरहून पुतण्याच्या लग्नाला आलेले दिगंबरकाका आणि सुलभाकाकूही होते. काकांनी तर भिंतीला डोकं टेकवलं.

आता थोडं मागचं सांगते. आम्ही तिथं गेलो तेव्हा गावात मला ओळखणारी एकच बाई होती, कॉन्सुएलो बाका. कॅथेड्रलच्या किल्ल्या तिच्याकडे असत. मला गाडी चालवायला तिनं शिकवलं, याच प्लाझाभोवती फेऱ्या मारत. मी कारंज्याला गाडी ठोकली तेव्हापासून ते बंद आहे, असं ती पाहुण्यांना सांगायची. कॅथेड्रलला शंभर वर्षं होणार म्हणून तिनं तीन वर्षं जुनी दप्तरं उपसून त्याचा इतिहास लिहिला होता. पुस्तिका छापून आली तेव्हा पहिली प्रत तिनं मला दिली. तिला मधुमेह होता. रोज सकाळी ती इन्शुलिन टोचून घ्यायची आणि मग कॅथेड्रल उघडायची.

ते कॅथेड्रल मातीच्या कच्च्या विटांचं. त्याला तेलाचा रंग चालत नाही, भिंत आतून कुजते. चुनाच द्यावा लागतो. शताब्दीसाठी बुधवारी ताज्या विरवलेल्या चुन्याचे हात दिले होते. कडक उन्हात तो तडकू नये म्हणून गवंडी रोज पहाटे भिंतीवर पाणी मारत होते.

त्याच आठवड्यात आमच्या एकनाथचं, म्हणजे ह्यांच्या विद्यार्थ्याचं आणि दिगंबरकाकांच्या पुतण्याचं लग्न होतं. कॉन्सुएलोनं शब्द टाकला म्हणून कॅथेड्रलचा हॉल आम्हाला मिळाला. शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न. शनिवारी पहाटे पाणी मारायला आलेल्या गवंड्याला ते पंजे दिसले. आम्ही आत अक्षता वाटत होतो तेव्हा बाहेर माणसं गुडघे टेकत होती. एकनाथ आणि त्याची नवरी ग्रँड कॅन्यन बघायला निघून गेले, आणि आम्ही सगळे रविवारी चमत्कार बघायला आलो.

मालिनी जोगळेकर नुसतं हात जोडून थांबणारी नव्हती. रिकाम्या हातानं देवाकडे जायचं नाही, असं म्हणून तिनं पर्समधून हळदीकुंकवाची कुयरी काढली. बोट ओलं करून हळदीत बुडवलं आणि भिंतीला टिळा लावला.

टिळा पिवळा लागला आणि बघता बघता लाल झाला.

 स्पॅनिशमध्ये एकच गलका उठला. प्रोफेसर ट्रकवरून उडी मारून आले. आमच्या पुणेरी मालिनीला त्यांनी दंडाला धरून ट्रकवर चढवलं आणि जाहीर केलं की पूर्वेकडून आलेल्या या पवित्र स्त्रीच्या स्पर्शानं भिंत पुन्हा रक्ताळली. माणसं तिच्या साडीच्या पदराला हात लावू लागली. आधी मालिनी घाबरली. मग तिनं पदर नीट केला. मग आशीर्वाद द्यायला लागली.

मी तिथंच उभी होते आणि मला माझीच शरम वाटत होती. कारण आदल्याच दिवशी मी लग्नघराच्या दारात काय केलं होतं? आमच्या बेळगावकडे नवरा-नवरी उंबरा ओलांडण्याआधी त्यांच्यावरून तांबडं पाणी ओवाळतात. पाण्यात हळद कालवायची आणि बोटभर चुना घालायचा. पाणी लालभडक होतं. अमेरिकेत चुना कुठून आणायचा, म्हणून मी याच भिंतीच्या पिंपातला वाटीभर मागून आणला होता. शनिवारी मी माझ्या हातानं हळद-चुना कालवला आणि रविवारी त्याच हातांनी हळद-चुन्याला नमस्कार केला. आणि घरात सगळ्यांत शंकेखोर म्हणून माझीच ख्याती.

मी मालिनीला खाली ओढलं आणि कानात सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "सुनेत्रा, तुला माझं चांगलं कधी बघवलंच नाही."

त्याच वेळी कॉन्सुएलो पुढं आली. तिनं मालिनीचा हात स्वतःच्या कपाळाला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिची आई मधुमेहानंच आंधळी होऊन गेली होती, आणि गेल्या हिवाळ्यापासून तिलाही डाव्या डोळ्यानं कमी दिसत होतं.

सोमवारी मी तिच्या घरी गेले. तिनं इन्शुलिन आणि सुया कचऱ्यात टाकल्या होत्या; आता भिंतच बरं करेल, म्हणाली. रविवारी सकाळचीही सुई तिनं घेतली नव्हती. ओठ सुकलेले, समोर पाण्याचा दुसरा जग. मी हळदीचं सांगितलं तर ती हसली. तुम्हा शिकलेल्यांना सगळ्याचं काहीतरी सापडतंच, म्हणाली.

मी तिचीच पुस्तिका उघडून तिच्यापुढं धरली. त्यात तिनं स्वतः लिहिलं होतं की बाप्तिस्ता कुठूनही पडला नाही. दुसरा मनोरा अर्धा सोडून तो कॅलिफोर्नियात गेला, तिथं त्यानं खाणावळ काढली आणि ब्याऐंशीव्या वर्षी अंथरुणात गेला. त्याच्या मुलीचं पत्र कॉन्सुएलोनंच शोधून काढलं होतं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण सुनेत्रा, मला आंधळं व्हायचं नाही."

 मी शरयूला फोन केला. शरयू आमच्यातली डॉक्टर, तालुक्याच्या हॉस्पिटलात नोकरीला. तिनं येऊन बोटातून रक्त घेतलं, पट्टीचा रंग बघितला आणि मला बाहेर बोलावलं. आज हॉस्पिटलात न्यायला हवं, म्हणाली. फार तर उद्या दुपारपर्यंत, मग ती शुद्धीत राहणार नाही. कॉन्सुएलो काही उठेना. भिंत खोटी असेल तर भिंतीनंच मला सांगावं, म्हणाली.

जाता जाता शरयूनं दुसरीच चौकशी केली. "दिगंबरकाकांच्या पोटाची खाज कशी आहे? मलम लावतायत ना?"

मी विचारलं, कसली खाज? शनिवारपासून त्यांचं पोट आणि तळहात लाल होऊन सोलवटलेत, तिनं सांगितलं. सुलभाकाकूंच्या मते इकडचा साबण वाईट.

काका आमच्याकडेच उतरले होते. मी घरी जाऊन त्यांना गॅरेजमध्ये गाठलं. आधी ते पाण्यावर आणि अमेरिकेवर घसरले. मग म्हणाले, "वहिनी, सुलभाला सांगणार नसाल तर सांगतो."

झालं होतं ते असं. शुक्रवारी हळदीच्या वेळी काकांनी रेशमी सदरा खराब होऊ नये म्हणून काढून ठेवला, आणि बायकांनी नवरदेवाआधी काकांच्याच पोटाला आणि तळहातांना हळद फासली. गोंधळात संधी साधून काका सिगरेट ओढायला बाहेर सटकले. चार वर्षांपूर्वी त्यांनी काकूंच्या देखत सिगरेट सोडली होती. चपला दाराशी काकूंच्या पायांजवळ होत्या, म्हणून अनवाणीच गेले. जूनचं ऊन आणि प्लाझाची फरशी. चार पावलांत तळपाय भाजले. काका उड्या मारत भिंतीच्या सावलीकडे धावले आणि वेग आवरेना, म्हणून हात पुढं करून सरळ भिंतीवर आदळले.

"मग काल त्या भिंतीला डोकं कसं टेकलंत?" मी विचारलं.

"माझे हात पिवळे होते वहिनी. ते लाल आहेत."

मंगळवारी सकाळी मी प्लाझावर गेले ती हळदीचा डबा आणि दिगंबरकाका घेऊन. शरयूनं कॉन्सुएलोला गाडीतून आणून खुर्चीवर बसवलं होतं. एवढंच तिनं कबूल केलं होतं. तिची मान सारखी कलत होती. कॅथेड्रलचे फादर पायरीवर उभे होते. ते तीन दिवस लोकांना थांबा, तपासू या, असं सांगत होते आणि त्यांच्याकडे माइक नव्हता. मालिनी ट्रकवर होती, केसांत फुलं माळून.

मी फादरांची परवानगी घेतली आणि गवंड्याकडून एका फळीवर ताजा चुना मारून घेतला. मग मालिनीला म्हटलं, या फळीला लाव टिळा. ती हलेना. मी मराठीत म्हणाले, "मालिनी, कॉन्सुएलोनं सुया टाकून दिल्यात. तिकडे बघ एकदा."

मालिनीनं खुर्चीकडे पाहिलं. केसांतली फुलं काढून ठेवली आणि खाली उतरली. तिनं फळीवर बोट टेकलं; टिळा लाल झाला. काऊबॉय टोपीवाल्यानं लावला, लाल झाला. फादरांनी लावला, गवंड्यानं लावला, एका कुत्र्याचा पंजा बुडवून कुणीतरी तोही लावला. तोही लाल.

प्रोफेसर माइकवरून म्हणाले की पवित्र चुन्याचा गुण फळीतही उतरला आहे.

मी त्यांच्या लेमोनेडच्या टेबलावरून अर्धं लिंबू उचललं, भिंतीपाशी गेले आणि डाव्या पंजाच्या करंगळीवर पिळलं. चुना फसफसला आणि लाल करंगळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळी झाली. रक्त काही लिंबानं पिवळं होत नाही. हळद होते, कारण चुन्यानं तिला लाल केलेलं असतं आणि लिंबू चुन्याचा जोर मोडतं.

"लिंबू हे शंकेखोरांचं फळ आहे," प्रोफेसर म्हणाले.

"मग तू तीन दिवस आम्हाला काय पाजतोयस?" टोपीवाल्यानं विचारलं.

मग मी काकांना खूण केली. काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं, सदरा वर केला आणि भिंतीला जाऊन भिडले. दोन्ही तळवे दोन्ही पंजांत बसले. पोट बाप्तिस्ता गवंड्याच्या प्रेमानं सुजलेल्या हृदयात असं चपखल बसलं, की कडेला बोटभरही लाल उरलं नाही.

 गर्दीतून सुलभाकाकूंचा आवाज आला. "पण तुम्ही इकडे कशाला आला होतात?"

काका भिंतीलाच तोंड लावून उभे राहिले.

आधी खुर्चीतून एक खरखरीत आवाज आला. मला वाटलं तिला धाप लागली. कॉन्सुएलो हसत होती. डोळे पुसत होती, काकांच्या पाठीकडे बोट दाखवत होती, पुन्हा हसत होती. मग थांबली. भिंतीकडे बघून म्हणाली, "मी त्या पोटाला प्रार्थना केली."

मी म्हटलं, मी पण. मालिनीही म्हणाली, मी तर त्याच्या जोरावर आशीर्वाद दिले.

कॉन्सुएलोनं बाही वर सारली आणि दंड शरयूपुढं केला. पहिली सुई तिनं तिथं, त्या भिंतीसमोर घेतली, मग हॉस्पिटलात गेली. तिथं तिचे डोळेही तपासले. पडद्यावर लेझरचे उपचार झाले आणि डावा डोळा पूर्ण नाही, पण वाचण्यापुरता राहिला. त्या गडबडीत प्रोफेसरांचा ट्रक कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. लिंबं मात्र राहिली. त्यांचं मी लोणचं घातलं.

भिंतीवरचे डाग पंधरा दिवसांत आपोआप विटून पिवळे पडले. ताज्या चुन्याचा जोर ओसरला की असंच होतं. आता मी ऐंशीच्या घरात आहे. मालिनी नाही, काका नाहीत. कॉन्सुएलो त्यानंतर अकरा वर्षं जगली. तिच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती माझ्या उशाशी असते. शेवटच्या पानावर तिनं एक ओळ वाढवली आहे: "जून १९८६. उत्तरेच्या भिंतीवर नागपूरचे श्री. दिगंबर यांचे पोट."

माझ्या नातवंडांना मी ती ओळ दाखवते आणि एवढंच सांगते. माणूस घाबरला की भिंतीलाही हात जोडतो, त्याला हसू नका. मीही जोडले होते. पण भिंत लाल दिसली तर ती कशानं लाल झाली हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत औषध बंद करू नका. आणि सांगणाऱ्याच्या हातात माइक असेल, तर दोनदा विचारा.