तिराबास्सीला आडवी गेलेली मांजर

आमच्या सासोरोन्दो गावात सांगण्यासारखं असं एकदाच काहीतरी घडलं, आणि त्याचंही श्रेय एक इंग्रज घेऊन गेला. नगरपालिकेच्या भिंतीवर त्याच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. तिच्यासमोरून जाताना माझं डोकं अजून फिरतं, कारण त्या जागी माझ्या मामाचं नाव असायला हवं होतं.

मामा म्हणजे ओरेस्ते. आईचा धाकटा भाऊ, ऐंशी उलटलेला, बिनलग्नाचा आणि हट्टी. तरुणपणी त्याच्याकडे तिराबास्सी होती. तिराबास्सी हा मोदेनाचा एक मिस्त्री. त्याने आपल्या नावाच्या तीन शर्यतीच्या गाड्या बनवल्या आणि मग बायकोने त्याची हातोडी लपवली. एक गाडी जळाली, एक अर्जेंटिनाला गेली ती गेलीच, आणि तिसरी मामाची. लालभडक, बुटकी, आणि इतकी अरुंद की आत दोघं बसायची तर त्यांचं आपसात भांडण असून चालायचं नाही.

छप्पन साली नदीच्या पुलापासून वर चर्चच्या चौकापर्यंत घाटातली शर्यत झाली. पुढचं सगळं गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मामा सगळ्यांच्या पुढे होता. चर्चच्या खाली शेवटचं वळण, त्याला रंगाऱ्याचं वळण म्हणतात, तिथे काळी मांजर आडवी गेली. आता काळी मांजर आडवी गेली की थांबायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी आधी जाऊ द्यायचं, म्हणजे पीडा त्याच्या डोक्यावर जाते. आमच्याकडे बससुद्धा थांबते. नाही थांबली तर प्रवासी ड्रायव्हरला धारेवर धरतात. तेव्हा मामा थांबला. मागून रेज्जोचा एक गडी आला, तोही थांबला.

"जा ना तुम्ही," मामा म्हणाला.

"छे छे, तुम्ही पुढे होतात. तुमचा मान."

"मान कसला, बिनधास्त जा."

"मला दोन लेकरं आहेत हो."

तोवर मागे पार्मावाला, त्याच्यामागे बोलोन्यावाला, अशी रांग लागली. सगळ्यांची इंजिनं धडधडतायत आणि सगळे एकमेकांना हाताने वाट दाखवतायत. तेवढ्यात सगळ्यात शेवटचा तो इंग्रज, मिस्टर व्हिटकोम, आला, तोंडात पाइप. त्याच्या देशात म्हणे काळी मांजर शुभ असते. त्याने भिंतीवर बसलेल्या मांजरीला टोपी काढून नमस्कार केला, सगळ्यांच्या बाजूने निघून गेला आणि जिंकला.

बाकीचे मग त्याच्यामागून सुखरूप वर गेले. मामा तेवढा गाडी वळवून खाली घरी आला.

आणि वर चौकात फेदोरा उभी होती. आदल्या संध्याकाळी नाचताना मामा तिला म्हणाला होता, "उद्या वर आलो की तुला एक विचारायचंय." काय विचारायचंय ते पूर्ण गावाला कळलं होतं. ती पिवळा फ्रॉक घालून उभी राहिली, आणि मामा वर आलाच नाही. तेव्हापासून दोघं बेकरीत भेटतात आणि हवापाण्यावर बोलतात. तिनेही लग्न केलं नाही. मागण्या येत नव्हत्या असं नाही, चांगला दातांचा डॉक्टर आला होता.

गाडी मामाने वाटून टाकली. ज्याला जे हवं ते नेऊ दिलं. सांगाडा तेवढा कोंबड्यांच्या खुराड्यात राहिला, आणि तो पुढे माझ्या वाट्याला आला, कारण गावातलं गॅरेज मी चालवते. ट्रॅक्टर, टेम्पो, कधी कुणाची इस्त्रीसुद्धा. जुन्या शर्यतीची आठवण म्हणून पुन्हा गाड्या चढवायच्या असं गेल्या वर्षी नगरपालिकेने ठरवलं, तेव्हा माझ्या अंगात आलं. म्हटलं, मामा तिराबास्सीतून वर जाणार. त्याला एकदा तरी तिथे पोचलेला बघायचाच.

मामा म्हणाला, "पोरी, तुला कामं नाहीत का?"

मग मी गाव पालथं घातलं. स्टिअरिंग बारमध्ये भिंतीवरच्या घड्याळाभोवती लावलेलं होतं. सीट न्हाव्याकडे, गिऱ्हाइकं तीवर बसून पेपर वाचायची. इंजिन खाली सपाटीवर, लेआर्कोच्या पेअरच्या बागेत पंप चालवत होतं. इतकी वर्षं, एक दिवस खाडा नाही.

लेआर्को इंजिनाला पाठ लावून उभा राहिला. "हे काढलंस तर माझी झाडं वाळतील."

"नवा पंप देते."

"नवा पंप गातो का? हे गातं."

मी नवा पंप बसवला आणि इंजिन पहिल्यांदा सुरू करेन त्या दिवसाचं आमंत्रणही दिलं, तेव्हा कुठे तो बाजूला झाला. इंजिन खोललं तर आतून तेलाऐवजी पेअरचा वास आला. खरं सांगते, मी एकटीच हसत सुटले.

राहिलं बॉनेट. ते कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. फेदोराबाईंच्या अंगणात, लाकडांच्या ढिगावर, पावसापासून झाकायला. मी गेले तर त्या दारातच म्हणाल्या, "ज्याचं आहे त्याने यावं मागायला."

मामाने दाढी केली, दोनदा शर्ट बदलला. आम्ही गेलो. फेदोराबाईंनी अक्रोडाच्या दारूचे पेले भरले.

"बोल ओरेस्ते, काय मागायला आलायस?"

मामाने पेला एका घोटात संपवला. "बॉनेट."

"फक्त बॉनेट?"

मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.

"आणि... त्याच्या कड्या असतील तर," मामा म्हणाला.

फेदोराबाईंनी कड्याही दिल्या. लोण्याच्या कागदात गुंडाळून, तेल लावून ठेवल्या होत्या. परतताना मला रडू येत होतं आणि मामाला बदडावंसंही वाटत होतं.

बॉनेट पार चेपलेलं होतं. अॅल्युमिनियमचा पत्रा थंड असताना ठोकला तर चिरतो, म्हणून त्यावर कपड्याचा साबण घासायचा आणि आच द्यायची. साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला समजायचं. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू बाक काढायचा. हे मामानेच केलं. हातोडी हातात आल्यावर दिवसभर तो जुनी नाचाची गाणी शिट्टीवर वाजवत होता.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी अंगणात अर्धं गाव होतं. तिराबास्सी खोकली, शिंकली, तिने आशीर्वादाला आलेल्या पाद्रीबाबांच्या झग्यावर काळं तेल उडवलं आणि असा सूर लावला की लेआर्कोने माझ्या आईला धरून गिरकी घेतली. पाद्रीबाबा म्हणाले, "धुतलं की निघेल," आणि तेही टाळ्या वाजवायला लागले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नगराध्यक्षांनी कर्ण्यावरून पुकारलं की सर्व काळ्या मांजरी घरात कोंडाव्यात. यावरून चौकात कडाक्याचं भांडण झालं, कारण बेकरीवालीची मांजर करडी असून शेपटी तेवढी काळी. शेवटी शेपटी आत आणि मांजर बाहेर ठेवता येत नाही असं ठरून तिलाही कोंडलं.

सकाळी आम्ही निघालो. मामाने जुनं चामडी शिरस्त्राण घातलं, मी शेजारच्या सीटवर अंग चोरून बसले. आणि काय सांगू, तो म्हातारा गाडी चालवत नव्हता, उडवत होता. वळणावर मी किंचाळायची, तो हसायचा. झाडांमधून ऊन डोळ्यांवर फटाफट पडत होतं, कठड्यांवर लोक भाकरीचे तुकडे हलवत ओरडत होते, पुढची एकेक गाडी मागे पडत होती. इतका आनंद एका माणसाच्या पोटात मावत नाही, मी गाणंच म्हणायला लागले.

रंगाऱ्याचं वळण आलं आणि मामा थांबला.

मी रस्ता बघितला. रिकामा. भिंतीवरून लोक ओरडायला लागले, "मांजर नाहीये ओरेस्ते, जा." मागे एक गाडी थांबली, दुसरी थांबली. त्यांनाही वाटलं, ज्या अर्थी ओरेस्ते थांबलाय त्या अर्थी काहीतरी असणार.

"मामा, सगळ्या कोंडल्यात. मी स्वतः मोजल्यात."

"माहितीये." त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. "तेव्हाही नव्हती."

"काय नव्हती?"

"मांजर. मी आधी थांबलो, पोरी. वर पिवळा फ्रॉक दिसला आणि माझा पाय ब्रेकवर गेला. नाही म्हणाली तर? गाडी उभी राहिली, रस्ता मोकळा दिसला, मग ती बिचारी मांजर निघाली पलीकडे जायला. मागचे आले त्यांनी मी उभा आणि मांजर, एवढंच बघितलं." तो शिरस्त्राणाचा पट्टा ओढत राहिला. "मांजरीला घाबरलो म्हटल्यावर कुणी नावं ठेवत नाही इथे. पोरीला घाबरलो म्हटलं असतं तर?"

शिव्या देण्यात माझा हात कुणी धरत नाही, पण तेव्हा मी त्याच्या शिरस्त्राणावर नुसती एक टपली मारली.

मागे रांग वाढत होती, सगळे एकमेकांना वाट देत होते. तेवढ्यात वरच्या बाजूने फेदोराबाई उतरताना दिसल्या. हातात काठी, गुडघे दुखरे, पण थांबायचं नाव नाही. गाडीपाशी येऊन त्यांनी मला काठीने खुणावलं. मी उतरले. भिंतीवरून उतरलेला लेआर्को आणि मागच्या गाडीतला, रेज्जोच्या त्या गड्याचा नातू, दोघांनी त्यांना उचलून सीटवर ठेवलं.

"विचार," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वर आलास की विचारणार होतास ते. मीच खाली आलेय."

भिंतीवरची माणसं पुढे वाकली. मामा समोर काचेकडे बघत म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

"वर चल, मग सांगते."

मला वाटलं आता हा गाडी वळवणार. मामाने गिअर टाकला, तिराबास्सीने एक उडी मारली आणि मी रस्त्यात उभीच. मी धावत सुटले, माझ्यामागे लोक, लोकांमागे गाड्या. गाडीला गाठायचं माझं वय नाही, पण धापा टाकत, हसत, डोळे पुसत मी चौकात पोचले. तिराबास्सी रेघ ओलांडून चर्चच्या पायऱ्यांना नाक लावून उभी होती.

दोघं आतच बसून होते. मामाचे गाल ओले झाले होते.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तेव्हाही हो होतं आणि आत्ताही हो आहे," फेदोराबाईच म्हणाल्या. "आता कुणीतरी मला बाहेर काढा, पायाला मुंग्या आल्यात."